हिरवळीचा रंग

दुष्काळामुळे फ्रेस्नो शहरात बागांना पाणी घालायला नगरपालिकेनं बंदी केली होती. तरी सोसायटीच्या अध्यक्षांनी डोलोरेसला दारातच गाठलं.

“लॉन वाळलंय तुमचं. नियमाप्रमाणे हिरवंच पाहिजे.”

“पाणी न घालता?”

“ते तुम्ही बघा.”

रात्रपाळी करून आलेल्या डोलोरेसनं वाळल्या गवतावर हिरवा रंग फवारला आणि ती पायरीवर बसली. रंग वाळायच्या आत नगरपालिकेचा माणूस हजर.

“बाई, चोरून पाणी घालताय ना? एवढं हिरवंगार कसं?”

वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं. “हात लावून बघा.”

तो वाकला. तळहात हिरवा झाला. हाताकडे बघतच तो तिच्याशेजारी टेकला.

“कुठे मिळतो हो हा रंग? आमचीही सोसायटी मागे लागलीय.”