दुपारची वीज

पंखा थांबला आणि टेबलाखालचा बॅटरीचा डबा टुकटुक करायला लागला.

"गेली वाटतं," धाकटा मान वर न करता म्हणाला. "दादा, तू वर जाऊन जरा पड. पाच मिनिटांत कॉम्प्युटर सगळं जपून ठेवून आपोआप बंद होईल."

ही सोय धाकट्यानेच करून घेतली होती. पूर्वी वीज गेली की अर्धा नकाशा गडप व्हायचा, आता एक रेघही हरवत नसे. दादांना त्याचं कौतुक होतं. पण या महिन्यात वीज जरा जास्तच शहाण्यासारखी वागत होती. दादांचा नकाशा पुरा होत आला की ती हमखास जायची.

ते ऑफिसच्या वरच्या मजल्यावरच्या आपल्या घरी आले. स्वयंपाकघरात मिक्सर घरघरत होता.

"वीज कधी आली?" त्यांनी बायकोला विचारलं.

"गेली कधी होती?"

दोन्ही मजल्यांचे मीटर वेगळे असले तरी तार एकाच खांबावरून येत होती. दादांच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधीच त्यांनी आपल्या नकाशाची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन खिशात टाकली. डबा टुकटुकला, ते मुकाट्याने वर गेले. तासाभराने खाली येऊन त्यांनी कॉम्प्युटरवरचा नकाशा उघडला आणि आकडे अंगठ्याएवढे मोठे करून पाहिले. एका शाळेचा लोखंडी जिना होता. दादांनी उंची घातली होती तीनशे ऐंशी. आता तिथे तीनशे तीस होती.

वडिलांपासून या ऑफिसात एकच कायदा होता. ज्याचा आकडा चुकेल, त्याने टेबल सोडायचं. तीस वर्षांत दादांचा एकही आकडा चुकला नव्हता. म्हणजे आता तो चुकवला जात होता. ज्याला पेन्सिल धरायला शिकवलं तोच घरचा भेदी निघाला, याचं त्यांना रागापेक्षा वाईट जास्त वाटलं.

त्यांनी खिशातली प्रत परस्पर कारखान्यात पाठवून दिली. दोन दिवसांनी तिकडून फोन आला, तेव्हा कुठे त्यांनी धाकट्याला समोर बसवलं.

"तुझ्या टेबलाशेजारचा मेन स्विच तूच बंद करतोस ना?"

"हो."

"आणि माझी पाठ वळली की माझे आकडे बदलतोस."

"हो."

"या वेळी नाही चाललं तुझं. माझा नकाशा मीच पाठवला. आज सकाळी लोखंड कापूनसुद्धा झालं."

धाकट्याचा चेहरा पडला. "जिन्याचं?"

"जिन्याचं. उद्यापासून तू टेबल सोड."

धाकट्याने कपाटातून मापांची वही काढली. शाळेत जाऊन, टेप लावून, दादांनी स्वतः पेन्सिलीने, इंग्रजी आकड्यांत भरलेली. पान उघडून त्याने ती पुढे सरकवली.

दादांनी वही खिडकीपाशी नेऊन डोळ्यांजवळ धरली. "हे काय, तीनशे ऐंशी. माझ्याच हातचं आहे."

इतक्यात बायको चहा घेऊन खाली आली. दादांनी वही तिच्या हातात दिली.

"तूच वाच. मोठ्याने वाच, म्हणजे याला ऐकू येईल."

तिने वाचलं. मग धाकट्याकडे पाहिलं, आणि पुन्हा एकदा वाचलं.

"तीनशे तीस," ती म्हणाली.