मारुतरावांचं कपाट

मोरीत जरासा तोल गेला काय आणि शालनबाईंचं मनगट मोडलं काय! मोशीच्या डॉक्टरीणबाई प्लॅस्टर घालताना म्हणाल्या, "पाळी गेली की हाडं ठिसूळ होतातच, दारूनं आणखी होतात. घेता का कधी?"

शालनबाई तोंड उघडणार, तोच मुलगा रणजीत हसला. "काय मॅडम! आमच्या घरातल्या बाया दारूला शिवत बी न्हाईत."

शालनबाईंनी मान खाली घातली. पाळी गेली तशी झोपही गेली होती, आणि नवऱ्याच्या कपाटातल्या बाटलीतला एक घोट अर्ध्या ग्लासावर कधी गेला, ते त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. आता पुन्हा हात लावायचा नाही, असं त्यांनी परतताना गाडीतच ठरवून टाकलं.

घरी मारुतराव तणतणत बसले होते. "रोज बाटली कमी भरतीया. टेम्पोवरच्या ड्रायव्हरचंच काम हाय, आजच हाकलला त्याला. कपाटाला कुलूपबी बसवलंय."

मग बायकोचा धड हात ओढून त्यांनी त्यात किल्ली ठेवली.

"तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे. या घरात भरवशाचं दुसरं हाय कोण?"