आठवं नाव

आन्सेल्मकाकांची छिन्नी सातव्या नावाशी येऊन अडली होती. लेओंतीनचा जीव थाऱ्यावर नव्हता. रविवारी स्मारकाचं अनावरण, आणि आठव्या नावाची जागा अजून कोरीच.

"पोरी, तुझ्या नवऱ्याचं प्रेत मिळालं नाही ना. कमिटी अडून बसलीय."

"जर्मनांनी भूमिगत लढ्यातल्या त्या सातांना धरून नेलं, तसा फिर्मँ त्यांच्यामागे रानात धावला. गोळीचा आवाज मी ऐकलाय. किती वेळा सांगू, काका?"

त्या सातांत तिचा धाकटा भाऊ बाझीलही होता. चुगली कुणी केली, ते तीन वर्षं झाली तरी गावाला उमगलं नव्हतं. शेजारी शेजाऱ्याकडे अजून धड बघत नव्हता.

"अजून दोघांचा पाव नेतेस म्हणे," काका हळूच म्हणाले. "वेडे, तो येणार नाही आता."

"सवय जात नाही, काका."

म्हाताऱ्याला गलबलून आलं. त्याने बाहीला नाक पुसलं आणि छिन्नी उचलली.

"जा घरी. कमिटीच्या नाकावर टिच्चून कोरतो!"

तरी रविवारपर्यंत तिला घास गोड लागला नाही. ऐनवेळी कुणी आडवं आलं तर?

चौकात मेयर एकेक नाव वाचत होता आणि अख्खं गाव उत्तर देत होतं, "फ्रान्ससाठी मेला!" बाझीलच्या नावाला तिने डोळे घट्ट मिटून घेतले. सात नावं झाली. मेयर थांबला, चष्मा पुसू लागला.

"फिर्मँ कोलास!"

"फ्रान्ससाठी मेला!" गाव गरजलं. बाया तिच्या गळ्यात पडल्या. ती पोटभर रडली.

घरी येऊन तिने तळघराचं दार उघडलं.

"वाचलं का गं माझं नाव?" खालून फिर्मँने घाईघाईने विचारलं.

"वाचलं. दगडावर बाझीलच्या खालीच कोरलंय."

"सुटलो! आता फौजेतून पळालेला म्हणून मला शोधायला कुणी येणार नाही."

"कुणीच नाही," लेओंतीन म्हणाली. "झोपेत बोलतोस तू, फिर्मँ. सातही नावं कुणाला, कितीला विकलीस, सगळं बोलतोस."

तिने दार ओढून घेतलं आणि बाहेरून खिळे ठोकायला सुरुवात केली.