तिसरं मागणं

बोरांबाय घोड्यावरून उतरला तसा सातिबाल्दीचा म्हातारा कुत्रा शेपूट हलवत धावला आणि त्याचा हात चाटू लागला. मागे दोन रशियन शिपाई बघत होते. बोरांबायने पिस्तूल काढून कुत्र्याच्या कानामागे गोळी घातली. या माळावर त्याला ओळखणारं कुणी असणं आता परवडत नव्हतं.

सातिबाल्दी लोकरीच्या नमद्याच्या तंबूच्या दारात घोडे हाकायच्या दांडक्यावर टेकून उभा होता. घोडे मागच्या वर्षीच गेले होते. उरली होती एक बांडी गाय.

"ये भाच्या," तो म्हणाला. "कुत्र्याचं ते पिल्लू तूच आणलं होतंस. विसरलास काय?"

"गाय सोड. सोव्हिएतचा हुकूम आहे."

"खान आला, मेंढ्या घेऊन गेला. झार आला, गवत घेऊन गेला. तुम्ही तर तान्ह्याच्या तोंडचं दूध काढायला निघालात. सुनेच्या अंगावरचं दूध आटलंय. गाय गेली तर पोर चार दिवस काढणार नाही."

आत पोर रडत होतं, म्हणजे रडायचा प्रयत्न करत होतं.

कझाक माळावर भाच्याला मामाच्या घरी तीन मागणी असतात. तो काहीही मागो, मामाने नाही म्हणायचं नाही. म्हणून तर म्हणतात, भाचा येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले. आणि भाच्यावर हात टाकायचा नाही. टाकला, तर तो हात मरेपर्यंत थरथरत राहतो. बोरांबायने सातव्या वर्षी शिंगरू मागितलं होतं, सोळाव्या वर्षी शिकारी ससाणा. तिसरं मागणं शिल्लक होतं.

"हुकूम राहू दे," सातिबाल्दी म्हणाला. "भाचा म्हणून माग. 'मामा, गाय दे', एवढंच म्हण. मी स्वतः दावं सोडून तुझ्या हातात देतो. बघू तरी, तुझी जीभ रेटते का."

"कोण लागतो हा तुझा?" एका शिपायाने विचारलं.

बोरांबायचा चेहरा उतरला. नातलगाला पाठीशी घातलं म्हणून गेल्याच महिन्यात त्याच्या जोडीदाराला भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या होत्या.

"कुणी नाही," तो म्हणाला.

तेवढ्यात सातिबाल्दीची म्हातारी बायको उल्मेकेन धावत जाऊन गायीच्या गळ्याला बिलगली. "पोरा, मी भरवलंय रे तुला!" ती ओरडली. बोरांबायने चाबूक उचलला. पहिला फटका तिच्या हातांवर बसला, दुसरा तोंडावर. ओठ फाटून रक्त गायीच्या पांढऱ्या मानेवर उडालं. तरी तिने मिठी सोडली नाही.

"थांब," सातिबाल्दी म्हणाला. "माझ्याकडे बघून सांग. कोण नाहीस तू?"

"तुझा भाचा नाही! कुणाचाच नाही मी!"

"बरं झालं. मोकळं केलंस मला."

उजव्या हातातला दांडका एकदाच बोरांबायच्या कानशिलावर बसला. टोपी उडाली. बोरांबाय गुडघ्यांवर आला, त्याने मामाकडे वर बघितलं आणि तो कुत्र्याशेजारी आडवा झाला. मग उठला नाही.

शिपायांनी बंदुकीच्या दस्त्याने सातिबाल्दीचे दात पाडले. तो पडल्यावर बुटांनी बरगड्या मोडल्या आणि दोन्ही दंड पाठीमागे दोरीने बांधून त्याला घोड्यापाशी ओढत नेलं. एकाने म्हातारीला लाथेने बाजूला सारून गायीचं दावं सोडलं. गाय निमूट निघाली.

उल्मेकेन सरपटत नवऱ्यापाशी पोचली. त्याचा डावा हात दोरीत शांत पडला होता. उजवा कोपरापासून थडथड उडत होता.

"घाबरला थेरडा," शिपाई हसला.

तिने तो हात आपल्या दोन्ही हातांत गच्च धरला. थांबेना. तिने छातीशी आवळला, तरी थांबेना.

"अहो," ती फाटक्या ओठांनी म्हणाली, "आपलाच होता हो तो."