त्याचं तेवढं ऐकते

बायको प्रभूचं जितकं ऐकते, त्याच्या निम्मं जरी माझं ऐकलं असतं तरी आमचा संसार सुखाचा झाला असता. सकाळी गॅस पेटवण्याआधी ती स्वयंपाकघरात बायबल उघडून बसते आणि माझा चहा लांबतो. मग "प्रभूने मनात घातलंय" म्हणत वरच्या मजल्यावरच्या आजारी म्हातारीचे केस विंचरायला पळते. एकदा तर स्वतःची चूक नसताना माझ्या वहिनीची माफी मागून आली. माझ्या शर्टाचं बटण मात्र कधीचं लोंबतंय.

आज माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "त्याने नुसतं सुचवलं की तू निघालीस! आणि मी घसा कोरडा करून सांगतो, ते तुला ऐकूच येत नाही. नक्की लग्न कोणाशी केलंयस?"

ती आत गेली. सुईदोरा घेऊन आली, माझ्या अंगातल्या शर्टालाच बटण लावलं आणि दाताने दोरा तोडला.



"मागच्या वर्षी मी बॅग भरून माहेरी गेले होते ना, तेव्हा 'परत जा' असं त्यानेच सांगितलं. माझ्या तर अजिबात मनात नव्हतं."