नियमात न बसणारी हाक

दुल्सेने कानांवरचे हेडफोन खसकन ओढून काढले. "झालं! पुन्हा यांचं ब्र्र्र-हम्! अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग वाया गेलं."

तिच्या मागचे चार पाहुणेही थांबले. सगळे थेट राजधानी मापुतोहून दूर उत्तरेतल्या निआसाच्या राखीव रानात आले होते, ते रानाचे आवाज ऐकायला. वाटेच्या तोंडाशी पाटीच होती: इथून पुढे माणसाचा आवाज नको.

ती हाक मारत, वाट दाखवत पुढे चालणाऱ्या अबीबोने खांद्यावरची कुऱ्हाड खाली घेतली. "बाई, मधाच्या पाखराला सांगावं लागतं, मी आलोय म्हणून. माझा बाप असंच सांगायचा. त्याचा बापही."

"काका, मी निसर्ग ऐकायला आलेय. तुम्हाला नाही!"

वनरक्षक आतिजा मध्ये पडली. ती अबीबोच्याच गावची, त्याने काढलेला मध चाटत मोठी झालेली. आज मात्र तिला त्याच्याकडे बघवेना. "काका, साहेबांनी बजावलंय. आजच्या पाहुण्यांनी तक्रार लिहिली, तर या रानात हाक बंद. तुमचीच नाही, अख्ख्या गावाची."

अबीबोला इतका राग आला की कानशिलं तापली. चाळीस वर्षं या रानाने त्याच्या हाकेला ओ दिली होती, आणि आता त्याचाच आवाज रानाला परका ठरला होता. पण आपल्या रागापायी गावाच्या मधावर पाणी सोडणं त्याला पटेना.

"बरं," तो म्हणाला. "आता माझ्या तोंडाला कुलूप. ऐका तुमचा निसर्ग."

सगळे मुकाट्याने चालू लागले. होले घुमत होते, वाळकी पानं सळसळत होती. दुल्से माईक पुढे धरून जपून पाय टाकत होती.

तेवढ्यात डोक्यावर काडेपेटी खुळखुळवावी तसा आवाज आला. एक साधंसुधं करडं पाखरू. ते पुढच्या झाडावर गेलं, तिथून ओरडलं, परत आलं. दुल्सेचा चेहरा खुलला, तिने माईक उंच केला. पाखरू पुन्हा गेलं, पुन्हा आलं. तिसऱ्यांदा ते अबीबोच्या डोक्यावरच्या फांदीवर बसलं आणि भांडायला उठल्यासारखं ओरडू लागलं. अबीबोची जीभ वळवळली. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले.

"असं का करतंय हे?" न राहवून दुल्सेच बोलली. "कुणाला बोलावतंय?"

आतिजाने आता मान वर केली. "विचारताहेत, तर सांगा की, काका."

"मला," अबीबो म्हणाला. "त्याला पोळं दिसलंय, पण फोडायला माणूस लागतो. मध माझा, मेण त्याचं. मघाशी मी हाक मारली, तिला ते ओ देतंय. बाई, माझी हाक पुसलीत, तर तुमच्या यंत्रात अर्धंच बोलणं उरेल."

दुल्सेने हेडफोन कानांवर चढवले आणि झाडाकडे धरलेला माईक वळवून अबीबोच्या तोंडासमोर आणला.

अबीबोने ताठ उभं राहून कुऱ्हाड खांद्यावर घेतली. पाखरू अजून ओरडतच होतं. त्याने हाताने माईक हळूच बाजूला सारला.

"थांबा, बाई. आधी त्याचं होऊ दे. कुणाचं बोलणं मध्येच तोडायचं नसतं."