हॉटेलचे विरजण

सहा महिन्यांच्या शाल्मलीने घराबाहेरचा एकही पदार्थ कधी चाखलेला नव्हता. तरीही उष्टावणाच्या दिवशी तिने मामाने भरवलेली खीर थुंकून टाकली आणि पाहुण्यांसाठी मागवलेला हॉटेलचा डबा दारात येताच त्याच्याकडे झेपावून तोंड उघडले.

"आईवर गेलीय!" तिचे वडील जयदीप म्हणाले. "मृण्मयीलाही रोज तिथलंच लागतं." सगळे हसले.

शशांकमामा हसला नाही. तो सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होता. 'आईवर गेली' याला तो कारण मानत नसे. पुढे महिनाभर भाचीने मऊभातही थुंकला. तिचे वजन घटू लागले.

"दादा, माझ्या हातचं काहीच का चालत नाही रे हिला?" मृण्मयीने रडवेल्या आवाजात भावाला विचारले.

"दही कुठलं खातेस?"

"घरचंच. विरजण तेवढं हॉटेलच्या दह्याचं. बाळंतपणाआधी चमचाभर राखून ठेवलं होतं. काय घट्ट लागतं म्हणून सांगू!"

शशांकने ते दही तपासले, मग बहिणीचे दूध, मग शाल्मलीचे शीने मळलेले दुपटे. तिन्हींत एकच जिवाणू निघाला. त्यात निसर्गात कुठेही न आढळणारे एक जनुक जोडलेले होते. हा जिवाणू त्या हॉटेलच्या मसाल्यातल्या एका द्रव्यावर पोसला जाई. ते मिळाले नाही, की आतड्यातून मेंदूकडे त्याच चवीची भूक आणि इतर अन्नाची शिसारी पाठवी. हॉटेलने तो मुद्दाम तसा घडवला होता. शाल्मलीच्या पोटात तो आईच्या दुधातून गेला होता.